जुन्या मूर्तीवर किंवा चित्रावर मत देताना चित्रकाराने पाळायची रीत

चित्रकलेत किंवा शिल्पकलेत वीस-पंचवीस वर्षे घालवलेल्या माणसाकडे कधी ना कधी कोणीतरी जुनी वस्तू घेऊन येतेच. कधी ती मखमलीत गुंडाळलेली धातूची मूर्ती असते, कधी काच फुटलेल्या चौकटीतले चित्र असते, तर अलीकडे बहुतेक वेळा मोबाइलवर आलेला एक धूसर फोटो असतो. आणणारा माणूस दोन प्रश्न विचारतो: ही वस्तू किती जुनी आहे, आणि कोणाच्या हातची आहे? ती येथवर कशी पोहोचली, हा तिसरा प्रश्न तो सहसा काढत नाही. त्याला त्या प्रश्नाचे महत्त्व ठाऊक नसते, किंवा ते फारच चांगले ठाऊक असते. मी स्वतः रंगकाम करणारा माणूस आहे, पुरातत्त्वाची पदवी माझ्याजवळ नाही. तरीही अशी मते देताना झालेल्या चुकांतून आणि काही गाजलेल्या प्रकरणांच्या अभ्यासातून जी रीत मी ठरवून घेतली, ती येथे मांडतो आहे. तिचे मुख्य सूत्र असे की, तिसरा प्रश्न सर्वांत आधी विचारावा आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत पहिल्या दोहोंवर लेखी काहीही देऊ नये.

याचे कारण व्यवहारातले आहे. देवळातून उचललेली मूर्ती चोराच्या हातात असते तेव्हा तिला फारशी किंमत नसते. 'चोळकालीन, अकरावे शतक' असे जाणकाराच्या सहीचे पत्र तिच्यासोबत आले की तीच मूर्ती संग्रहालयाच्या दारात उभी राहू शकते. आपण दिलेले मत अगदी बरोबर असले, तरीही ते चोरीच्या मालाला कागद मिळवून देण्याचे काम करू शकते.

मत बरोबर असूनही वस्तूचा इतिहास खोटा असू शकतो, याचे ठळक उदाहरण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ साली दहा लाख डॉलरला घेतलेल्या ग्रीक मद्यपात्राचे आहे. पात्रावर चित्रकार युफ्रोनिओस आणि कुंभार युक्सिथेओस यांच्या सह्याच असल्यामुळे ते कोणाचे, याविषयी शंकेला जागाच नव्हती. शंका होती ती ते बैरूतमधल्या एका जुन्या कुटुंबाकडून आल्याच्या कथेविषयी, आणि ती रास्त ठरली. रोमजवळच्या चेर्वेतेरी येथील एट्रुस्कन (म्हणजे रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांचे) थडगे १९७१ साली फोडून ते काढलेले होते. जिनिव्हाच्या करमुक्त गोदामावर १९९५ मध्ये पडलेल्या धाडीत मातीने माखलेल्या, तुटक्या प्राचीन वस्तूंच्या झटपट-छायाचित्रांचे (पोलरॉइडचे) गठ्ठे सापडले आणि तपासाला धागे मिळत गेले. हे पात्र २००८ साली इटलीला परत गेले.

उलट बाजूचे उदाहरणही त्याच संग्रहालयात घडले. १९१५ ते १९२१ या काळात घेतलेली तीन अवाढव्य 'एट्रुस्कन' मातीची शिल्पे, म्हणजे दोन योद्धे आणि एक मस्तक, तेथे जवळजवळ तीन दशके दिमाखात मांडलेली होती. ती नेमक्या कोणत्या जागेतून निघाली, हे विक्रेत्यांनी कधीच नीट सांगितले नव्हते. शेवटी काळ्या लेपात मँगॅनीज सापडले, जे एट्रुस्कन कारागीर त्या कामी वापरत नसत. मग १९६१ च्या जानेवारीत आल्फ्रेदो फिओराव्हान्ती या वृद्ध इटालियन कारागिराने रोममधल्या अमेरिकन वकिलातीत कबुली दिली आणि एका योद्ध्याच्या हाताचा जपून ठेवलेला अंगठा पुढे केला. तो जागेवर नेमका बसला. त्याच योद्ध्याचा दुसरा हात नव्हता, कारण तो कसा दाखवावा यावर ते घडवणाऱ्यांचे एकमत झाले नव्हते. तज्ज्ञ मात्र त्या नसलेल्या हाताला काळाचा आघात समजत राहिले. चित्रकाराने ही गोष्ट विसरू नये. अपुरेपण दिसले की आपले डोळे ते स्वतःच भरून काढतात, आणि फसवणाऱ्याला तेच हवे असते.

आधी ऐकावे, मग पाहावे

वस्तू टेबलावर ठेवून घेण्याआधी आणणाऱ्याला बोलते करावे. वस्तू त्यांच्याकडे केव्हापासून आहे, त्याआधी कोणाकडे होती, विकत घेतली असल्यास पावती कोठे आहे, वारशाने आली असल्यास वाटणीपत्रात किंवा मृत्युपत्रात तिचा उल्लेख आहे का, घरातल्या एखाद्या लग्नाच्या किंवा गणपतीच्या जुन्या फोटोत ती मागे कोठे दिसते का, हे प्रश्न शांतपणे विचारावेत आणि उत्तरे त्यांच्यासमोरच लिहून घ्यावीत. खरोखर घरची वस्तू असेल तर माणूस अडखळतो, भाऊबंदांची नावे सांगतो, 'ते आत्याला विचारावे लागेल' म्हणतो. घडवलेली कथा मात्र सपाट असते. परदेशी वकिलातीतला एखादा अधिकारी, जुने संस्थानिक घराणे किंवा 'साठ सालापूर्वी आजोबांनी कलकत्त्याला घेतली' असे एक वाक्य, आणि त्यापलीकडे काही नाही. तारीख नेहमी कायद्याच्या आधीची असते, हेही ध्यानात ठेवावे. भारतात पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ चा असून तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला, आणि सांस्कृतिक मालमत्तेच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे. त्यामुळे बनावट कागदांवर १९६८, १९६९, १९७० ही साले फार प्रिय असतात.

कागद पुढे आलाच, तर तो मूर्तीइतकाच बारकाईने पाहावा. कागद कशाचा आहे, शाई कशी आहे, टंकलेखन कोणत्या यंत्राचे आहे, दूरध्वनी क्रमांकात किती आकडे आहेत, पत्त्यात पिनकोड आहे का, हे तपासावे. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, म्हणून १९६५ च्या पावतीच्या माथ्यावर सहा आकडी पिन छापलेला दिसला तर पुढे बोलण्याची गरज उरत नाही. कॅलिफोर्नियातल्या गेटी संग्रहालयाने १९८५ साली घेतलेल्या संगमरवरी तरुणाच्या पुतळ्याची कागदपत्रे अगदी अशाच गोष्टीने कोसळली. १९५२ ची तारीख असलेल्या पत्रावरील टपाल क्रमांक १९७२ पर्यंत अस्तित्वातच नव्हता, आणि १९५५ च्या पत्रातले बँक खाते १९६३ साली उघडलेले निघाले. पुतळा मात्र वर्षानुवर्षे 'सुमारे इ. स. पू. ५३०, किंवा आधुनिक बनावट' अशा दुहेरी पाटीसह उभा राहिला. कागद खोटा ठरल्याने दगड खोटा ठरत नाही, आणि खरा तर मुळीच ठरत नाही. वस्तू मात्र अनाथ होते.

पाठ, तळ आणि तुटलेली कड

आता वस्तू पाहावी, पण चेहऱ्यापासून सुरुवात करू नये. चेहरा मोह घालतो, आणि बनवणाऱ्यानेही सगळी मेहनत तेथेच घेतलेली असते. प्रथम मूर्ती उलटी करून तळ पाहावा, मग पाठ आणि नंतर तुटलेल्या कडा. दक्षिणेतल्या उत्सवमूर्तीच्या पीठाला मिरवणुकीत दांडे किंवा दोर बांधण्यासाठी भोके किंवा कड्या असतात. त्या भोकांच्या आतल्या कडा शतकानुशतकांच्या वापराने गुळगुळीत झालेल्या असतात. ताज्या छिद्रकाने पाडलेल्या भोकाची कड बोटाला बोचते. पूजेत राहिलेल्या मूर्तीचे नाक, ओठ आणि छाती अभिषेकाने व घासण्याने झिजतात, पण काखेत, जटांच्या मागे आणि दोन पायांच्या फटीत झीज पोहोचत नाही. सगळीकडे सारखीच झीज दिसली तर ती काळाने नव्हे, रेतीच्या कागदाने केलेली आहे असे समजावे. जमिनीत पुरून राहिलेल्या मूर्तीवर हिरवट गंज धातूच्या आत शिरलेला असतो. लेप देऊन आणलेला हिरवेपणा लाकडी काडीने खरवडला की निघू लागतो. हा प्रयोग मालकाची परवानगी घेऊन, तळाच्या अगदी आतल्या भागावरच करावा.

दगडी शिल्पाची मागची बाजू तर पुष्कळदा सगळेच सांगून टाकते. मंदिराच्या भिंतीतली मूर्ती घडवणाऱ्याने मागून ओबडधोबड सोडलेली असते, कारण ती बाजू चिऱ्यात जाणार असते. ती बाजू करवतीने सरळ कापलेली दिसली, दातऱ्यांच्या समांतर रेघा दिसल्या, किंवा घोट्याजवळचा तुकडा आतून पांढरा-करडा आणि बाहेरून काळवंडलेला दिसला, तर शिल्प जागेवरून हल्लीच काढलेले आहे. जुन्या तुटीवर दगडाचा तोच रंग, तेच शेवाळ आणि तोच चुना चढलेला असतो जो बाकीच्या अंगावर आहे. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की, तुटलेल्या कडेचे चित्र काढा. पेन्सिल घेऊन बसल्यावर जे दिसते ते नुसत्या नजरेला दिसत नाही.

चिकटलेली माती कधीही धुऊ नये, आणि मालकालाही धुऊ देऊ नये. तंजावर जिल्ह्यातल्या पत्तूर गावी एका पडक्या शिवमंदिराच्या आवारात १९७६ साली सापडलेली नटराजाची मूर्ती विक्रीच्या साखळीतून लंडनला पोहोचली, १९८२ मध्ये एका कॅनेडियन कंपनीने ती विकत घेतली, आणि डागडुजीसाठी ब्रिटिश म्युझियममध्ये असताना पोलिसांनी ती ताब्यात घेतली. लंडनच्या न्यायालयात तिचे मूळ ठिकाण सिद्ध करताना पुराभिलेख आणि शिल्पशास्त्र जाणणाऱ्या डॉ. आर. नागस्वामी यांच्या शैलीविषयक साक्षीबरोबर मूर्तीवरची माती, वाळवीच्या खुणा आणि त्याच जागी मिळालेल्या इतर मूर्तींशी धातूचे साम्य, हा पुरावा उपयोगी पडला. न्यायालयाने १९८८ साली मंदिराच्या बाजूने निकाल दिला, १९९१ मध्ये तो अपिलात टिकला आणि मूर्ती परत आली. पडके झाले तरी देऊळ स्वतःच्या देवावर हक्क सांगू शकते, हे एका इंग्रज न्यायालयाने मान्य केले, ही यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. चिमूटभर मातीनेही त्यात साक्ष दिली होती.

हात ओळखणे

यानंतरच शैलीकडे वळावे, आणि येथे चित्रकाराला खरोखर काही अधिक दिसते. एकोणिसाव्या शतकातल्या जोव्हान्नी मोरेल्ली या इटालियन जाणकाराने कान आणि नखे पाहून चित्रकार ओळखण्याची पद्धत रूढ केली. कलाकार चेहरा विचारपूर्वक काढतो, पण कानाची पाळी सवयीने काढतो, आणि सवय लपत नाही, एवढाच तिचा गाभा. भारतीय मूर्तीत कानांऐवजी कमरपट्ट्याची गाठ, पायातल्या वाळ्याची खीळ, कमळपीठाच्या मागच्या बाजूच्या पाकळ्या, डोक्यामागचे शिरश्चक्र आणि वस्त्राच्या निऱ्यांची शेवटची ओळ पाहावी. अस्सल मूर्तीत गाठ ही गाठच असते, म्हणजे कापड कोठून आले, कसे वळले आणि कोठे गेले हे बोटाने दाखवता येते. नक्कल करणाऱ्याने फोटोवरून काम केलेले असते आणि फोटोत पाठ दिसत नाही. त्यामुळे पुढच्या बाजूला सुटलेले पदर मागे कोठेच पोहोचत नाहीत, किंवा यज्ञोपवीत खांद्यावर येऊन नाहीसे होते.

मात्र शैली चांगल्या प्रतीपुढे हरते. त्यासाठी शिवपुरमचे प्रकरण प्रत्येक जाणकाराने पाठ करून ठेवावे. तंजावर जिल्ह्यातल्या या गावात १९५१ साली शेतात नटराजासह काही चोळकालीन कांस्यमूर्ती सापडल्या आणि देवळात ठेवल्या गेल्या. १९५४ च्या सुमारास त्या दुरुस्तीसाठी कुंभकोणमच्या एका स्थपतीकडे, म्हणजे परंपरागत मूर्तिकाराकडे, दिल्या गेल्या. परत आल्या त्या त्याने केलेल्या प्रती, आणि गावकरी त्यांचीच पूजा करत राहिले. नटराजाची मूळ मूर्ती मुंबईच्या संग्राहकांच्या हातून न्यूयॉर्कच्या एका विक्रेत्याकडे गेली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी उद्योगपती नॉर्टन सायमन यांच्या प्रतिष्ठानाने ती ९ लाख डॉलरला विकत घेतली. देवळातली मूर्ती नवी आहे, हे १९६५ सालीच ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी चोळ कांस्यमूर्तींवरील आपल्या ग्रंथात नोंदवले होते. भारत सरकारने दावा लावला, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि काही वर्षे अमेरिकेत प्रदर्शित होऊन नटराज १९८६ साली परत आला.

या प्रकरणाचा धडा सोपा नाही. ज्या हाताने ती प्रत केली तो हात अनाडी नव्हता. मेण गाळून ओतकाम करण्याची तीच परंपरा, तोच प्रदेश, तेच प्रमाणशास्त्र आणि समोर मूळ मूर्ती, अशी स्थिती असताना कमरेची गाठ चुकत नाही. अशा ठिकाणी डोळ्यांनी 'सारखेपणा' पाहण्यात अर्थ नसतो. झीज, गंज, तळ आणि वजन, म्हणजे ज्या गोष्टी काळाने केल्या त्याच पाहाव्या लागतात. आणि देवळात मूर्ती जागेवर आहे म्हणून परदेशातली खोटी, हा युक्तिवाद आपल्या अंगात कितीही मुरलेला असला तरी सोडून द्यावा लागतो.

चित्रांच्या बाबतीत मराठी घरांत सर्वाधिक भेटणारा प्रकार म्हणजे 'अस्सल रविवर्मा'. वाड्यात शंभर वर्षे टांगलेली लक्ष्मी किंवा सरस्वती खाली उतरवून लोक मोठ्या आशेने आणतात. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथून निघालेली शिळाछापाची तैलरंगी चित्रे, म्हणजे ओलिओग्राफ, घरोघरी पोहोचली. दहापट मोठे दाखवणारे भिंग गालाच्या सावलीवर धरले की रंगाचे सुटे ठिपके दिसतात. कुंचल्याच्या फटकाऱ्यात तसे ठिपके नसतात. काही छापांवर वॉर्निशने कॅनव्हाससारखा पोत उठवलेला असतो आणि काहींवर जरी-टिकल्या शिवलेल्या असतात, त्यामुळे दुरून फसगत होते. एकदा एका सद्गृहस्थांना मी घाईने, भिंग न लावता, 'चांगले चित्र आहे' असे म्हटले आणि त्यांनी त्या तीन शब्दांच्या बळावर ते विकायला काढले. तेव्हापासून तोंडीसुद्धा विशेषण वापरायचे नाही असा नियम केला. छापील असले तरी ते चित्र जपण्यासारखेच असते, हे मात्र सांगायला विसरू नये.

वस्तूवर लेख असेल तर तो निश्चितच मोलाचा, पण तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे वेगळे करावे. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनच्या लिलावातून मिळवलेल्या नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या तलवारीवर त्यांचे नाव देवनागरीत आहे. त्यामुळे ती कोणाची हे कळते, पण ती नागपूरबाहेर कोणत्या दिवशी आणि कोणाच्या हातून गेली हे पाते सांगत नाही.

जुनी छायाचित्रे आणि जुन्या प्रती

चोरीला गेलेल्या वस्तूंच्या याद्यांत शोध घ्यावा, पण तेवढ्यावर विसंबू नये. इंटरपोलची चोरीच्या कलावस्तूंची यादी कोणालाही मोबाइलवरच्या आयडी-आर्ट या ॲपमधून पाहता येते. तथापि, जी वस्तू जमिनीतून चोरून काढली तिची नोंद कोणाजवळ असणार? आणि जी देवळातून गेली पण गेल्याचे कोणाला कळलेच नाही, तिचे काय? तमिळनाडूतल्या अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंदन येथील बृहदीश्वर मंदिराचे असेच झाले. वापरात नसलेल्या त्या देवळातून २००६ साली मूर्ती गेल्या, पण देऊळ बंद असल्यामुळे २००८ पर्यंत ते लक्षातच आले नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कचा विक्रेता सुभाष कपूर याच्याकडून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तेथील नटराज ५० लाख अमेरिकी डॉलरला घेतला. याद्यांत काही न सापडणे याचा अर्थ त्या वेळी फक्त इतकाच होता की अजून कोणी रडले नव्हते.

हा नटराज उघडकीला आला तो जुन्या छायाचित्रांमुळे. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५० च्या दशकापासून दक्षिणेतली देवळे गावोगाव फिरून छायाचित्रित केली असून तिच्या संग्रहात लाखाहून अधिक छायाचित्रे आहेत. त्यातल्या मूर्तीशी कॅनबेऱ्यातली मूर्ती ताडून पाहिल्यावर वादच उरला नाही. सिडनीच्या कलादालनात असलेला वृद्धाचलमचा अर्धनारीश्वर तर अधिक बोलका. त्याच्यासोबत दिल्लीच्या एका दुकानाची १९७० ची पावती होती, आणि १९७४ च्या छायाचित्रात मूर्ती वृद्धगिरीश्वर मंदिराच्या कोनाड्यातच उभी होती. सप्टेंबर २०१४ मध्ये दोन्ही मूर्ती भारताला परत मिळाल्या. कपूरला २०११ मध्ये जर्मनीत अटक झाली होती आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

छायाचित्र ताडताना एकंदर आकृती पाहू नये, कारण एकाच कार्यशाळेतल्या दोन मूर्ती सारख्या दिसणारच. ओतकामातले दोष पाहावेत. प्रभावळीच्या ज्वालांपैकी कोणती वाकडी आहे, पीठावरच्या कोणत्या पाकळीचे टोक मोडले आहे, कोठे ओतकामात बुडबुडा राहून खळगा पडला आहे, अशा पाच-सहा जागा निवडून दोन्ही चित्रांत त्या शोधाव्यात. कारागीर दोन मूर्तींत सौंदर्य सारखे आणू शकतो, पण अपघात सारखे आणू शकत नाही. उत्तर आणि मध्य भारतासाठी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे गुरुग्राम येथील छायाचित्रभांडार मोठे असून त्यातला पुष्कळ भाग संगणकावर पाहता येतो. महाराष्ट्रातल्या शिल्पांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची जुनी वार्षिके, जिल्हा गॅझेटियर आणि गावच्या देवस्थानाच्या छापील स्मरणिका धुंडाळाव्यात. स्मरणिकेतला एखादा पुसट ठसासुद्धा पुष्कळदा पुरतो.

भित्तिचित्रांच्या बाबतीत छायाचित्रांच्या आधीचा पुरावा म्हणजे चित्रकारांनी केलेल्या प्रती, आणि हा आपल्याच घरचा विषय आहे. अजिंठ्याची चित्रे उतरवण्यासाठी मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून तेथे राबला आणि त्याच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून नव्याने प्रती करवून घेतल्या. त्यातल्या पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या, तरी उरलेल्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत आणि ग्रिफिथ्स यांचे दोन खंड छापील स्वरूपात पाहायला मिळतात. याच चित्रांतले चेहरे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला डॉ. जेम्स बर्ड यांनी भिंतीवरून खरवडून काढले होते, तेही संग्रहालयासाठी म्हणून, आणि त्यांचा बहुतांशी भुगा झाला. उद्या गिलाव्याचा एखादा रंगीत तुकडा कोणी अजिंठ्याचा म्हणून पुढे केला, तर त्या प्रतींत तो भाग भिंतीवर शाबूत होता की तेव्हाच गळालेला होता, हे पाहण्याची सोय जे. जे.च्या त्या विद्यार्थ्यांनी करून ठेवली आहे. नक्कल करण्याला आपण कमी लेखतो. पुरावा म्हणून तिची किंमत मुळाइतकीच ठरू शकते.

प्रयोगशाळेकडून काय मागावे

भाजलेल्या मातीची वस्तू शेवटची केव्हा तापली, हे उष्मादीप्ती चाचणीने ढोबळमानाने कळते. घन ओतकामाच्या मूर्तीला ती चाचणी लावता येत नाही, कारण आत भाजलेल्या मातीचा गाभाच नसतो, आणि चोळ मूर्ती बहुधा घनच असतात. धातूतल्या शिशाची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) तपासून दक्षिणेतल्या कांस्यमूर्तींचे गट पाडण्याचे मोलाचे काम बंगळुरूच्या डॉ. शारदा श्रीनिवासन यांनी केले आहे. ते शैलीच्या मताला आधार देते किंवा धक्का देते, पण एकट्याने तारीख सांगत नाही. दगड केव्हा कोरला गेला हे सांगणारी भरवशाची चाचणी नाही. म्हणून कोणी 'लॅब रिपोर्ट आहे' म्हणाले, तर नमुना कोणी घेतला, वस्तूच्या कोणत्या भागातून घेतला आणि नेमका प्रश्न काय विचारला होता, हे आधी पाहावे.

मत लिहिताना

मताच्या कागदावर प्रत्यक्ष काय पाहिले आणि त्यावरून काय वाटले, हे दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहावे. मोजमापे, वजन, चारही बाजूंची आणि तळाची छायाचित्रे, प्रत्येक जुनी दुरुस्ती व मोडतोड, आणि मालकाने सांगितलेली हकीकत 'मालकाच्या सांगण्यानुसार' या शब्दांसह नोंदवावी. कर्तृत्वाविषयी शब्द तोलून वापरावेत. 'अमुकचे चित्र', 'अमुकच्या कार्यशाळेतले', 'अमुकच्या शैलीतले' आणि 'अमुकच्या चित्रावरून नंतर केलेली प्रत' यांत किमतीचे नव्हे, अर्थाचे अंतर आहे. पूर्वेतिहास समजला नसेल तर तसे ठळक लिहावे, ते वाक्य मालकाच्या आग्रहाने गाळू नये. मानधन ठरावीक असावे, विक्रीच्या रकमेशी बांधलेले नसावे. नुसत्या मोबाइलवरच्या फोटोवर तर मत देऊच नये, मग विचारणारा कितीही जवळचा असो. एक सहीची प्रत आपल्याजवळ राहू द्यावी, कारण पुढे त्यातला एकच सोयीचा परिच्छेद कापून लिलावाच्या पुस्तिकेत छापला जाऊ शकतो.

शंका आली तर

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र किंवा नाणे, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित कायद्याने पुरावशेष ठरते. मूर्ती, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक प्रकारच्या वस्तूंची नोंदणी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते आणि छायाचित्रासह प्रमाणपत्र मिळते. घरात ठेवणे गुन्हा नाही, नोंद न करणे आहे. पुरावशेष खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पाठवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वस्तू जुनी नाही असे वाटत असेल आणि परदेशी न्यायची असेल, तर 'पुरावशेष नाही' असे प्रमाणपत्र सर्वेक्षणच देते, चित्रकाराचे पत्र त्या कामी चालत नाही. रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ, जामिनी रॉय आदी नऊ चित्रकारांची मूळ चित्रे शंभर वर्षांची नसली तरी कलानिधी असल्याने तीही बाहेर जाऊ शकत नाहीत.

शेतात किंवा घराच्या पायात काही सापडले असेल, तर १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. दहा रुपये हा आकडा अजून तसाच आहे, हे ऐकून शेतकरी हसतात, पण खबर देतात. वस्तू चोरीची असल्याचा संशय बळावला तर ती आपल्याकडे ठेवून घेऊ नये आणि आणणाऱ्याशी हुज्जतही घालू नये. 'अजून अभ्यास करावा लागेल' एवढे सांगून परवानगीने काढलेली छायाचित्रे जपावीत आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तसेच पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर मंडळाकडे अथवा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे लेखी कळवावे. पत्रात आपले कालनिर्णयाचे मत लिहू नये. वस्तूचे वर्णन, आणणाऱ्याने सांगितलेली हकीकत, दिनांक आणि छायाचित्रे इतकेच द्यावे, आणि पोहोच घेऊन ती त्या वस्तूच्या नोंदीबरोबर फाइलला लावावी.